खुडूक कोंबडीला सोबत

माणसाळलेली कोंबडी घरात असणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. त्यापेक्षा भित्री कोंबडी परवडली. तिला हुसकलं की ती जाते. आमच्याकडच्या कोंबड्यांना हुसकलं, की त्यांना वाटे आपल्याला बोलावतायत. मग त्या डुलत डुलत येत आणि पायावर बसत. मी लग्न होऊन इंदूरला आले, तेव्हा उंबऱ्यावर ठेवलेलं तांदळाचं माप मी ओलांडायच्या आतच एक कोंबडी त्यातले तांदूळ टिपायला लागली होती. बायका तिला हाकलत होत्या आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, मागून ओरडत होते, "राहू द्या हो, घरचीच आहे!" मला अजून घरची व्हायचं होतं. ती आधीच झालेली होती.

घर एका जुन्या पागेच्या आवारात होतं. घोडे जाऊन जमाना झाला होता आणि त्यांच्या ठाणांच्या भिंती पाडून नोकरदारांसाठी खोल्या केल्या होत्या. टोकाचं एक ठाण मात्र गव्हाणीसकट तसंच राहिलं होतं. तिथे मामंजींच्या कोंबड्या राहत. साहेब लोक महूची छावणी सोडून गेले तेव्हा कुणी त्यांची कपाटं घेतली, कुणी चिनी मातीची भांडी घेतली. मामंजी गेले आणि एक कोंबडा नि चार कोंबड्या घेऊन आले. जातीचं नाव ऑर्पिंग्टन. रंग खमंग भाजलेल्या बेसनाचा, अंग भरलेलं, आणि स्वभाव असा की कुणी खाली बसलं रे बसलं की त्या मांडीवर. सासूबाई त्यांना 'साहेबाच्या' म्हणत. "साहेबाच्या आल्या बघ भाजीत," अशी हाक आली, की मी परसातली मेथी वाचवायला पळायची.

मामंजी त्यांच्याशी 'अहो बाईसाहेब' म्हणून बोलत. संस्थान असताना त्यांच्या सहीशिवाय कचेरीतला कागद हलत नसे. संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि मामंजी कुठल्याशा खात्यातल्या शेवटच्या टेबलावर जाऊन बसले. त्याबद्दल ते घरात एक अक्षर बोलले नाहीत. मात्र कचेरीतून आले की कोट न काढताच ठाणात जात आणि तिथे बराच वेळ बसत. तिथे अजून त्यांचं चालत असे.

आणि खरंच चालत असे. कुठल्या कोंबडीची अंडी उबवायची आणि कुठल्या कोंबडीची खायची, हे तेच ठरवत. कसोटी एकच होती. जी हाताला घाबरून पळेल तिची अंडी तव्यावर, आणि जी आपण होऊन मांडीवर येईल तिची अंडी उबवायला. पिसाचा रंग, तुऱ्याचे दाते हे सगळं त्याच्यानंतर. कित्येक वर्षं त्यांनी हे निष्ठेनं केलं. त्याचा परिणाम असा झाला, की दर पिढीला कोंबड्या जास्त जास्त लाडावत गेल्या. शेवटी अशी वेळ आली, की त्यांना एकटं राहणं म्हणून सोसेना. मी एकदा स्नानघराचं दार लावून घेतलं तर बाहेर दोघीजणी दाराला टोचत बसल्या होत्या. मामंजींना याचा कोण अभिमान!

अंडी उबवायला ठेवणं हा आमच्याकडे छोटा समारंभच असे. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून नुसती ठाण मांडून बसायला लागली, की सासूबाई समोरच्या काकूंना बोलावणं पाठवत. काकूंचे यजमान मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते आणि काकूंना आठ मुलं. अंडी ठेवायची ती लेकुरवाळीनंच, आणि तीही पोटभर जेवून. रित्या पोटानं ठेवली तर अंडी रिती निघतात, असं सगळे मानत. म्हणून काकू आधी आमच्याकडे सावकाश जेवत, मग सासूबाई त्यांना कुंकू लावत, ओटीत ज्वारी घालत, आणि मग काकू कोळशानं प्रत्येक अंड्यावर फुली काढून ती पाटीत ठेवत. सासूबाई हे सगळं लांबून करवून घेत, कारण त्यांनी माळ घातली होती. मांसमच्छी, अंडी काही त्यांना चालत नसे. घरातल्या पुरुषांचं आम्लेट मी परसात वेगळ्या शेगडीवर करी.

माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. त्यावरून घरात कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. फक्त काकू जेवून पाटीकडे वळल्या, की सासूबाई मला म्हणत, "तू जरा चहाचं बघ." एवढंच. मी जायची आणि चहा करायची. स्वयंपाकघरातून काकूंचं बोलणं ऐकू यायचं आणि माझ्या हातून साखर जास्त पडायची. मला त्या चहाचा भयंकर राग होता. अजून आहे.

त्या वर्षी पावसाळ्यात पागेत मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग आला की घरंच्या घरं रिकामी करून जातो. शेजारपाजारच्या गावठी कोंबड्या सगळ्या गेल्या आणि आमच्याही गेल्या. एक कोंबडा आणि एक कोंबडी राहिली. मामंजींनी त्यांना आठवडाभर आपल्या खाटेखाली ठेवलं होतं. दसरा झाला आणि सरकारचा मुक्काम ग्वाल्हेरला हलला. मध्य भारताची राजधानी उन्हाळ्यात इंदूर आणि थंडीत ग्वाल्हेर, त्यामुळे दर सहामाहीला फायली, टेबलं आणि मामंजी ट्रंकेसकट गाडीत चढत. निघताना ते ठाणात गेले, कोंबडीला उचलून छातीशी धरलं आणि आम्हां दोघींकडे न बघता म्हणाले, "एवढी एकच राहिलीय. खुडूक झाली की बसवा. येईन तेव्हा ठाण रिकामं दिसू देऊ नका." त्यांचा आवाज बरा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "गलपट्टा घेतलात का?"

दिवाळी उलटली आणि कोंबडी खुडूक झाली. तिची अकरा अंडी मी ज्वारीच्या डब्यात जपून ठेवली होती. नेमक्या त्याच वेळी समोरच्या काकू हिंगोट, म्हणजे तिथली दिवाळीतली पेटत्या बाणांची लढाई, बघायला गौतमपुऱ्याला लेकीकडे गेल्या होत्या, आणि लेकीचे दिवस भरत आले म्हणून तिथेच राहिल्या. आम्ही वाट पाहिली. कोंबडी गव्हाणीतल्या रिकाम्या पाटीत बसून राहिली आणि डब्यातली अंडी शिळी व्हायला लागली.

"मी ठेवते," मी सासूबाईंना म्हटलं.

"नको."

"का नको?"

"नको म्हटलं ना एकदा. काकू येतील."

"काकू येईपर्यंत अंडी नासतील त्याचं काय? मामंजींना काय सांगायचं, चहा तयार होता म्हणून?"

हे मी बोलले आणि सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या जपाला बसल्या. आमचे हे शाळेत मास्तर होते आणि दोन बायकांचं भांडण दिसलं की त्यांना लगेच वह्या तपासायच्या असत. मी त्यांना विचारलं तर वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, देखेंगे ना. इत्ती काय जल्दी आहे?" मी म्हटलं, अंड्यांना आहे.

मग मी जेवायला बसले. कुणाला म्हणायला जागा नको, म्हणून तीन भाकरी, वांग्याची भाजी, वर दहीभात, असं जेवले. इतकं, की नंतर मला वाकवेना. कुंकू माझं मीच लावलं. कोळशानं अकरा फुल्या काढल्या आणि गव्हाणीतल्या पाटीपाशी गुडघ्यांवर बसून एकेक अंडं कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. तिनं मला एकदाही टोचलं नाही. उलट प्रत्येक अंड्याला ती थोडी उठायची आणि पुन्हा पसरून बसायची. सासूबाई ठाणाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हंडा घेतला आणि नळावर गेल्या.

त्या दिवसापासून माझा जीव त्या अकरा अंड्यांत अडकला. नासली तर पागेत काय बोललं जाईल ते मला पाठ होतं.

संध्याकाळी मागे वळून बघते तर कोंबडी अंडी सोडून माझ्या मागे चुलीपाशी आलेली. मी तिला नेऊन बसवली. थोड्या वेळानं यांचा आवाज आला आणि ती यांच्याकडे गेली. दूधवाला आला, ती दूधवाल्याकडे गेली. जगातली कुठलीही खुडूक कोंबडी दगडासारखी बसते, हात लावला तर फोडून काढते. आमची उबवायला राजी होती, पण एकटी बसायला राजी नव्हती. मामंजींनी इतकी वर्षं निवडून निवडून जी माया वाढवली होती, ती आता अशी उपयोगाला आली. अंडी थंडीत गार पडत होती आणि कोंबडी दारोदार गाठीभेटी घेत होती.

उपाय एकच होता. पाटी माजघरात आणली आणि ठरवलं, की हिच्यापाशी सतत कुणीतरी बसायचं. पहिल्या दिवशी यांना बसवलं. हे वह्या घेऊन बसले. कोंबडी उठली आणि वहीत काय आहे ते बघायला लागली. एका मुलाच्या भूगोलावर तिनं जे केलं, त्यानंतर यांनी साफ सांगितलं, "बिलकुल नाही. मला शाळेत तोंड दाखवायचंय." मी बसायची, तिथेच भाजी निवडायची, तांदूळ निवडायची. पण स्वयंपाक कुणी करायचा? मी चुलीकडे गेले की ही माझ्या मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. अजून कोंबडी कशी आली नाही म्हणून डोकावून पाहिलं. सासूबाई पाटीपाशी पाट टाकून बसल्या होत्या. जपमाळ हातात, आणि सोवळं मोडू नये म्हणून कोंबडीकडे पाठ केलेली. कोंबडीला पाठ चालेना. ती उठून समोर आली. सासूबाई पाटासकट वळल्या. ती पुन्हा समोर. असं दोनतीनदा झाल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि तिच्याकडे तोंड करून बसल्या. "बस बाई," त्या म्हणाल्या, "बस. तुझंच खरं." आणि ती बसली.

तेव्हापासून सकाळ सासूबाईंची झाली. आधी त्या नुसता जप करत. मग मधे मधे बोलायला लागल्या. मला आतून ऐकू यायचं. ग्वाल्हेरला काय मरणाची थंडी असते, गलपट्टा घेतला पण घालतात कुठे, मेथी यंदा कडू आहे, असलं सगळं त्या कोंबडीला सांगत. इतकं त्या माझ्याशी पाच वर्षांत बोलल्या नव्हत्या. दिवसातून एकदा कोंबडी दाणापाण्याला उठली की त्या दारात उभ्या राहून म्हणत, "झालं का? फालतू भटकणं नको. चला आत." आणि ती मुकाट्यानं आत येई.

एकादशी आली. आमच्याकडे एकादशीला भजनाच्या बायका येत. त्या दिवशी सतरंजी घातली, शेंगदाण्याचे लाडू केले, आणि कुणीही आलं नाही. सासूबाई एकट्याच टाळ घेऊन बसल्या आणि एकट्याच म्हणाल्या. मला वाटलं, माजघरातली कोंबडी बघून बायकांनी नाकं मुरडली असणार. मी म्हटलं, "आई, पाटी परत ठाणात नेते, मी बसेन तिथे." त्या म्हणाल्या, "काही नको. ऊब मोडेल." लाडू आम्हीच खाल्ले. त्यातले दोन कोंबड्यानं.

तीन आठवडे भरले तो दिवस मला विसरता यायचा नाही. सकाळपासून काही नाही. दुपारी काही नाही. सासूबाई आणि मी पाटीच्या दोन बाजूंना बसून होतो आणि कोंबडी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी मनात म्हणत होते, अकरातलं एक तरी फुटू दे. एक निघालं तरी मला पुरे होतं. रात्री मी जेवले नाही.

पहाटे सासूबाईंची हाक आली. "अगं, ये. आतून बोलतंय कुणीतरी." मी धावत गेले. त्या पाटीवर इतक्या ओणवल्या होत्या, की त्यांची तुळशीची माळ कोंबडीच्या पाठीवर टेकली होती. कोंबडीच्या पोटाखालून बारीक चिवचिव येत होती. सकाळ होईपर्यंत एक, दोन, चार, असं करत आठ पिल्लं बाहेर आली. ओलीचिंब, पिवळी. वाळायच्या आत ती आमच्याकडे यायला धडपडायला लागली. मामंजींचा वंश, दुसरं काय?

त्याच दिवशी समोरच्या काकू गौतमपुऱ्याहून परत आल्या. लेकीला मुलगा झाला होता. पेढे घेऊन आमच्याकडे आल्या, सासूबाई नळावर होत्या. काकूंनी पिल्लं पाहिली आणि आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "काय बोलू, मी तर दंगच राहिले! फाटकातच समजलं. माळ घातलेल्या बाईनं आपल्या हातानं अंडी ठेवली म्हणे? मतलब, इत्ती काय अडली होती? भजनवाल्यांनी टाकलं ना तिला!"

"कुणी ठेवली?" मी विचारलं.

"तुझ्या सासूनं. तीच तर बोलली नळावर, सगळ्यांच्या समोर. त्याच दिवशी."

मी पेढा हातात घेऊन उभी राहिले. सासूबाई हंडा घेऊन आल्या तेव्हाही तशीच उभी होते. काकू गेल्यावर मी विचारलं, "आई, तुम्ही असं का सांगितलंत?"

त्यांनी हंडा उतरवला. "काय सांगितलं?"

"अंडी तुम्ही ठेवली म्हणून."

"मग काय सांगू? नासली असती तर? बायका काय बोलल्या असत्या, तुला ठाऊक नाही? मला म्हातारीला काय करणार होत्या? भजनाला येणार नाहीत, नका येऊ. देव काय त्यांच्या घरचा आहे? तुझ्या मागं मात्र ते जन्मभर लागलं असतं."

"म्हणून मला नको म्हणत होतात?"

"आणखी कशाला म्हणेन?" त्या आता चिडल्या होत्या. "तुझ्या हाताची भीती होती का मला? बायकांच्या तोंडाची होती. पाच वर्षं तुला चहाला धाडते ते काय मला चहाची तलफ असते म्हणून? काकूचं तोंड माहीत आहे ना. ठेवता ठेवता बोलते ती. तिथं उभी राहून काय काय ऐकत बसली असतीस?"

मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. कोंबडी लगेच पाटीतून उठून माझ्या पायाशी आली आणि तिच्या मागोमाग आठही पिल्लं आली. "घ्या," सासूबाई म्हणाल्या, "आता ही सगळी गार होणार. रडायचं तर पाटीपाशी बसून रड."

मी डोळे पुसले आणि पाटीपाशी बसले. सासूबाईंनी एक पिल्लू उचललं. इतकी वर्षं त्या घरात राहून त्यांनी पहिल्यांदाच कोंबडीच्या जातीला हात लावला. ते पदरात धरून त्या बाहेर गेल्या. नळावर अजून गर्दी होती. मी दारातून ऐकत होते.

"हे बघा. आठ निघाली," त्या म्हणत होत्या. "मी झूट बोलले होते. ठेवली ती माझ्या सुनेनं. हात तिचा आहे. आणि भजनाला यायचं तर या, नाही तर लाडू आमचे आम्हाला पुरतात."

पुढच्या एकादशीला सगळ्या आल्या. लाडवांसाठी आल्या, की हात बघायला आल्या, मला माहीत नाही. एकीच्या मांडीवर भजन संपेपर्यंत दोन पिल्लं झोपली होती आणि तिनं टाळ वाजवायचे थांबवले होते. मूल मला पुढे झालं की नाही, हे मी इथे सांगणार नाही. त्याचा आणि या अंड्यांचा काही संबंध नाही. संबंध लावणाऱ्यांशी मी तेव्हाही भांडत होते.

उन्हाळ्यात सरकार इंदूरला आलं. मामंजी टांग्यातून उतरले आणि ट्रंक तशीच टाकून ठाणात गेले. तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणि कोंबडे मिळून आठही जण एकदम त्यांच्या अंगावर धावले. त्यांना खालीच बसावं लागलं. बऱ्याच वेळानं, उन्हाळ्यातही गळ्यात असलेला गलपट्टा न काढता, त्यांनी विचारलं, "कुणाच्या हातची?" सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मामंजींनी मान हलवली आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदाच म्हणाले, "वा, बाईसाहेब."

त्यातली एक तलंग पुढे मोठी झाली आणि खुडूक बसली. तेव्हा काकू आपण होऊनच आल्या, नेहमीप्रमाणे जेवायच्या तयारीनं. पान मांडलेलं होतं, पण त्यावर मी बसलेली होते. सासूबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत ज्वारी घातली, अंड्यांची पाटी स्वतःच्या हातानं माझ्यापुढे सरकवली, आणि काकूंकडे वळून अगदी सहज म्हणाल्या, "तुम्ही जरा चहाचं बघा."